घरात मराठी, मग मराठीतच मार्क कमी का?

"मॅडम, घरात मराठी, शेतात मराठी, पोराला दुसरी भाषा ठाऊक नाही. मंग मराठीतच मार्क कमी कामून?"

परभणी जिल्ह्यातल्या एका वडिलांनी मला हे विचारलं. मराठवाड्यातल्या शाळांमध्ये काम करताना नववी-दहावीच्या पालकांकडून हा प्रश्न हमखास येतो. लेकरू गणितात, इंग्रजीत मागे पडलं तर घरचे समजून घेतात. मराठीत पडलं की थेट आळशी ठरवतात. याचं मला फार वाईट वाटतं. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

मुलगा नववीत. धडा वाचायला दिला तर न अडखळता वाचायचा आणि वाचलेलं सांगायचाही. अक्षरं ओळखताना, जोडाक्षरं वाचतानाच लेकरू अडत असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा अध्ययन अक्षमतेची तपासणी करून घ्यावी. इथं तसं नव्हतं. म्हणून मी गुणपत्रिका बाजूला ठेवून जुन्या उत्तरपत्रिका मागवल्या.

त्यांत सगळं स्वच्छ दिसलं. 'भावार्थ लिहा' इथं त्यानं एकेका शब्दाचा अर्थ दिला होता. 'सारांश' म्हणून उताऱ्याची पहिली आणि शेवटची वाक्यं जशीच्या तशी उतरवली होती. अलंकाराची व्याख्या तोंडपाठ, पण खाली उदाहरण भलत्याच अलंकाराचं. रसग्रहणाची, म्हणजे कवितेत काय आवडलं आणि का ते लिहायची, जागा कोरी. मजकूर त्याला कळत होता; प्रश्न काय मागतोय ते कळत नव्हतं. "गाईडमधलं पाठ करतो, पण पेपरात समदं एक होऊन जातं," तो म्हणाला.

गप्पांत कळलं, की गावच्या टेनिस बॉलच्या सामन्यांत माईक याच्याच हातात असतो. मी म्हटलं, कर बरं कॉमेंट्री. थोडा लाजला, मग सुटला. मी भराभर लिहून घेत होते.

"चेंडू गोळीसारखा सुटला!" ही उपमा. ज्याची तुलना करतोय तो चेंडू उपमेय, ज्याच्याशी करतोय ती गोळी उपमान, वेग हा दोघांतला सारखा गुण, आणि 'सारखा' हा त्यांना जोडणारा शब्द. "फिल्डर असा झेपावला, जणू घारच!" ही उत्प्रेक्षा; फिल्डर म्हणजे जणू घारच, अशी कल्पना. "ही बॅट नव्हे, कुऱ्हाड आहे कुऱ्हाड!" ही अपन्हुती; बॅट नाकारून तिला कुऱ्हाडच ठरवलं. "चेंडू आज रुसलाय, सीमारेषेकडं जायलाच तयार नाही," ही चेतनगुणोक्ती; निर्जीव चेंडू माणसासारखा वागतोय. आणि "असा उंच मारलाय, खाली येईस्तोवर तूर काढून होईल!" ही तर अस्सल अतिशयोक्ती. तो कागदाकडे बघतच राहिला. "हे समदं मी बोललो?"

हो, त्यानंच. माझं ठाम मत आहे, की या संज्ञा शिकवण्याचा आपला क्रमच उलटा आहे. आधी व्याख्या, मग कुठल्याशा कवितेतली ओळ, आणि मुलाच्या तोंडचं वाक्य कधीच नाही. आधी त्याच्याकडून वाक्य काढावं, नाव नंतर द्यावं. एका दिवशी एकच अलंकार पुरे. उपमा आणि उत्प्रेक्षा तर एकाच दिवशी मुळीच घेऊ नयेत. पोरं त्याच दोघांत गोंधळतात.

भावार्थासाठी मी सप्ताहाचा आधार घेतला. पैठणच्या एकनाथ महाराजांचं विंचवाचं भारूड त्यानं कितीदा ऐकलेलं. विचारलं, हा विंचू कोणता? लगेच म्हणाला, "काम-क्रोधाचा." मग मी म्हटलं, विंचू म्हणजे नांगी असलेला विषारी प्राणी, हा झाला शब्दाचा अर्थ, आणि तू आत्ता सांगितलास तो भावार्थ. यापुढं वेगळं समजवावं लागलं नाही.

सारांशाचं काम वडिलांवर सोपवलं. बाजार समितीत कापूस विकून आले, की त्यांनी सगळी हकिकत सांगायची. पोरानं तीच आईला थोडक्यात सांगायची. भाव काय मिळाला, वजन किती भरलं, पैसे कधी येणार, एवढं राहायला हवं; चहा कुठं घेतला ते गळालं तरी चालेल. मग हेच उताऱ्यावर. मूळ मजकुराच्या साधारण एक तृतीयांश, आणि शब्द स्वतःचे. वडिलांना हे फार आवडलं. पोराला 'अभ्यास कर' यापलीकडं काही सांगता येईल, असं त्यांना कधी वाटलंच नव्हतं.

पालकांना एवढंच सांगते: मराठीत मार्क कमी पडले तर रागवायच्या आधी उत्तरपत्रिका बघा. लेकराला शेजारी बसवून विचारा, "या प्रश्नात काय लिहायला सांगितलंय?" उत्तर मागू नका, फक्त प्रश्नाचा अर्थ विचारा. अडचण बहुतेकदा तिथंच सापडते, आणि मग शिक्षकांशीही नेमकं बोलता येतं.

पुढच्या परीक्षेत या मुलाचे सारांश आणि भावार्थ नीट आले. 'जणू' दिसूनही एका ठिकाणी त्यानं उपमाच लिहिली. रसग्रहण अजून अवघड जातं. आशय, काव्यसौंदर्य आणि भाषिक वैशिष्ट्यं, या तिन्हींवर एकदम लिहायचं म्हटलं की हात थबकतो. म्हणून सध्या भाषिक वैशिष्ट्यांचा भाग तो एकटा लिहितो आणि उरलेले दोन मराठीच्या सरांपाशी बसून.