रंगवलेले केस मुलांच्या विगसाठी देता येतात का?

हो, देता येतात. तुम्ही अमेरिकेत असाल तर फ्लोरिडातल्या 'लॉक्स ऑफ लव्ह' या मुलांसाठी विग बनवणाऱ्या संस्थेचं सांगते. केसांना रंग लावलेला चालतो, ब्लीच केलेले मात्र घेत नाहीत. लांबी टोकापासून टोकापर्यंत किमान 10 इंच हवी. कुरळे असतील तर ताणून मोजा.

आदल्या रात्री चंपी नको! धुऊन पूर्ण वाळवा, मगच पोनीटेल किंवा वेणी घाला आणि रबरबँडच्या वरून कापायला सांगा. सलूनमधल्या मुलीला हे आधीच बजावा, कारण तिने सवयीने सुटे केस कापले तर ते जमिनीवर पडतात आणि मग उपयोगाचे राहत नाहीत. लेअर्स असतील तर दोन-तीन वेण्या घाला. ओलसर केस पिशवीत भरले तर बुरशी धरते, तेवढं जपा.

एका विगला 6 ते 10 जणांचे केस लागतात. त्यामुळे एकटीच्या शेपट्याचं काय होणार, हा विचार सोडा. कॅन्सरचीच मुलं असतात असंही नाही, चाई पडून सगळे केस गेलेली बरीच असतात.