प्रश्न तुमचे : आधी तोडा, मग फवारा

प्रश्न : सासवडजवळ एक एकर वांगी आहेत. दर चार दिवसांनी तोडा होतो, माल पुण्याच्या गुलटेकडी बाजारात जातो. शेंडे सुकतात, फळं किडकी निघतात. दुकानदाराच्या सांगण्यावरून तीन औषधं एकाच पंपात मिसळून मारली, तरी अळी हटेना. आता काय मारावं?

उत्तर : नवं औषध आणण्याआधी एक सुकलेला शेंडा मोडून ब्लेडने उभा चिरून बघा. आतला गर खाल्लेला, ओली विष्ठा आणि तिच्यात फिकट गुलाबी अळी दिसेल. आत शिरताना केलेलं भोक विष्ठेने बुजलेलं असतं, त्यामुळे वरून मारलेलं औषध तिच्यापर्यंत पोचतच नाही. अंडी पानाखाली, कळीवर, फळाच्या टोपीवर असतात. अंड्यातून निघालेली अळी काही तासांतच आत घुसते. फवारणीच्या हाती तेवढाच वेळ लागतो.

म्हणून पहिलं काम कात्रीचं. आठवड्यातून एकदा सुकलेले शेंडे इंचभर खालून कापा, किडकी फळं वेचा आणि सगळं जाळून टाका. बांधावर टाकलेल्या किडक्या फळांतून अळी बाहेर येते, कोष करते आणि पतंग होऊन पुन्हा तुमच्याच प्लॉटवर येते. मागच्या हंगामातली उपटलेली झाडं कडेला रचून ठेवली असतील तर तीही हलवा. नजर ठेवायला एकरी पाच कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंगाला ओढणारे) झाडाच्या शेंड्याच्या उंचीवर लावा. गोळी (ल्युर) वांग्याच्या अळीचीच घ्या. टोमॅटोच्या फळ पोखरणाऱ्या अळीची इथे चालत नाही.

फवारणी करायचीच असेल तर तोड्याच्या दिवशी, माल काढून झाल्यावर, ऊन उतरल्यावर करा. इमामेक्टिन बेंझोएट ५ टक्के एसजी वांग्यासाठी हेक्टरी २०० ग्रॅम, ५०० लिटर पाण्यातून. म्हणजे १५ लिटरच्या पंपाला ६ ग्रॅम. याचा काढणीपूर्व काळ, म्हणजे फवारणी ते तोडा यात सोडायचं अंतर, ३ दिवस आहे, तो चार दिवसांच्या तोड्यात बसतो. क्लोरॅन्ट्रानिलीप्रोल १८.५ टक्के एससी मात्र बसत नाही. तेच औषध टोमॅटोवर ३ दिवसांचं आणि वांग्यावर २२ दिवसांचं! फळधारणा सुरू झालेल्या वांग्यावर ते मारायचं तर पाच तोडे फेकावे लागतील. शेजाऱ्याच्या टोमॅटोला चाललं म्हणून ते आपल्या वांग्यावर आणू नका. घेण्याआधी लेबलावर पीक आणि दिवस दोन्ही वाचा.

तीन औषधांच्या मिश्रणाबद्दल स्पष्टच सांगायला हवं : ते थांबवा. तिन्ही बाटल्यांवरची बारीक अक्षरातली घटकांची नावं कागदावर उतरवून काढा. वेगळ्या व्यापारी नावांखाली दोन बाटल्यांत एकच घटक निघणं नवं नाही. तसं असेल तर मात्रा नकळत दुप्पट होते. एकाच गटाचं, म्हणजे अळीवर एकाच पद्धतीने काम करणारं औषध लागोपाठ मारलं की त्यातून वाचलेल्या अळ्यांचीच पुढची पिढी वाढते. पुढची फवारणी वेगळ्या गटाची असावी. तणनाशकाचा पंप वांग्यात अजिबात आणू नका. टू-फोर-डी या तणनाशकाचा अंश राहिला तरी पानं दोरीसारखी वळतात, आणि तो रोग समजून आणखी औषध मारलं जातं.

प्रश्न : नारायणगाव भागात टोमॅटोची रोपं लावून महिना झाला. शेंड्याची पानं वाटीसारखी वळली, झाड खुजं राहिलं. चार फवारण्या झाल्या.

उत्तर : हा पांढऱ्या माशीने आणलेला विषाणू दिसतो. लागण झालेलं झाड कुठल्याच औषधाने सुधारत नाही. थोडीच झाडं असतील तर सकाळी, माशी सुस्त असताना, पिशवीत घालून उपटा. पिवळे चिकट सापळे लावा. पुढच्या लागवडीला रोपं ४० मेशच्या (इंचाला ४० छिद्रांच्या) जाळीतलीच घ्या. लागण बहुधा रोपातच झालेली असते.

प्रश्न : मोनोक्रोटोफॉस भाजीवर थोडं चालेल का?

उत्तर : नाही. भाजीपाल्यावर त्याला २००५ पासून बंदी आहे. डब्यावरचा लाल त्रिकोण म्हणजे अत्यंत विषारी. फवारणाऱ्याला मळमळ, लाळ, घाम, धूसर दिसणं असं काही जाणवलं तर त्याला लगेच प्लॉटबाहेर काढा, कपडे उतरवून साबणाने अंग धुवा आणि दवाखान्यात नेताना औषधाचं लेबल सोबत न्या. डॉक्टरांचे उपचार त्यावरच्या घटकाच्या नावावरून ठरतात.