मुंबईत एमएस्सी करताना माळरानावरच्या खोकडाच्या (छोट्या कोल्ह्याच्या) अभ्यासासाठी पैसे कुठून मिळतील?

मिळतात, पण आधी आकडा लहान ठेवा. कॅमेरा ट्रॅप (प्राणी समोर आला की आपोआप फोटो काढणारा कॅमेरा), दुर्बीण, जीपीएस हवं असेल तर आयडिया वाइल्ड या अमेरिकी संस्थेकडे अर्ज करा. ते रोख देत नाहीत, थेट उपकरणं देतात. प्रवास आणि मुक्कामासाठी ब्रिटनच्या रफर्ड फाउंडेशनची छोटी अनुदानं बघा. मात्र संवर्धनाला काहीच उपयोग नसलेलं निव्वळ संशोधन त्यांना चालत नाही. 'खोकड काय खातं' एवढंच लिहू नका, त्या माहितीचं पुढे कोण काय करणार तेही लिहा.

खरी मेख इथेच आहे. वाघ-जंगल म्हटलं की समोरचा लगेच मान डोलावतो. माळरान सरकारदप्तरी 'पडीक', त्यामुळे अर्जाचा पहिला परिच्छेद ती जमीन पडीक का नाही हे सांगण्यातच जातो. तो नीट लिहा. मेंढपाळांची चराई, लांडगा, चिंकारा, धाविक पक्षी, सगळं एकाच गवतावर जगतं.

बजेटात लोक हमखास विसरतात ते म्हणजे रोजचं पेट्रोल आणि वाटाड्याची मजुरी. सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळढोक अभयारण्यात जायचं तर रात्रीची सिद्धेश्वर एक्सप्रेस स्वस्तात पोचवते. त्यानंतर भाड्याची बाइक खिसा रिकामा करते. अभयारण्यात काम करायचं तर वनविभागाची लेखी परवानगी लागते. तो अर्ज पैशांच्या आधी टाका, कारण फाइल हलायला वेळ लागतो.

शिफारसपत्रासाठी एकदा फोर्टात हॉर्नबिल हाऊसला बीएनएचएसमध्ये (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत) जाऊन या. ईमेलपेक्षा समोरासमोर बोलणं बरं.