जर्मनीची पोस्टडॉक ऑफर हातात, मेरी क्युरीचा निकाल फेब्रुवारीत: हो म्हणावं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. पुण्यातून मटेरियल केमिस्ट्रीत पीएचडी, त्यानंतर दोन वर्षं प्रोजेक्टवर रिसर्च असोसिएट. आता कोलोन भागातल्या एका विद्यापीठाकडून दोन वर्षांच्या पोस्टडॉकची, म्हणजे पीएचडीनंतरच्या संशोधनपदाची, ऑफर आली आहे: ई13 या सरकारी वेतनश्रेणीत, शंभर टक्के म्हणजे पूर्णवेळ, 1 जानेवारी 2026 पासून. प्रोफेसरांना दहा दिवसांत उत्तर हवंय. सप्टेंबरमध्ये नेदरलँड्सच्या एका ग्रुपबरोबर मेरी क्युरी फेलोशिपचा (युरोपियन युनियनची संशोधकांसाठीची फेलोशिप) अर्ज भरलाय, त्याचा निकाल फेब्रुवारीत लागेल. देशातल्या एका संस्थेकडून असिस्टंट प्रोफेसरच्या मुलाखतीचं बोलावणं कधीही येऊ शकतं. लग्न झालंय, जोडीदाराची नोकरी पुण्यात आहे. आणि आज नोव्हेंबर 2025 चा मध्य.

माझं मत आधीच सांगून टाकायचं तर ऑफर घ्या, पण रुजू व्हायची तारीख 1 मार्च किंवा 1 एप्रिल मागा. तुमची सगळी तगमग त्या दहा दिवसांवर चालली आहे. खरी घासाघीस रुजू होण्याच्या तारखेवर करायची असते, आणि तिथे इकडची, म्हणजे जर्मनीतली, सरकारी कूर्मगती आयतीच तुमच्या बाजूने आहे.

1 जानेवारी ही तारीख तशीही गाठता येणार नाही. प्रोफेसरांचा ‘आम्ही तुम्हाला घेतोय’ हा मेल म्हणजे काँट्रॅक्ट नव्हे. त्यानंतर एचआर तुमच्याकडून फॉर्म आणि प्रमाणपत्रं मागवतं, कर्मचाऱ्यांच्या प्रतिनिधी मंडळाची, म्हणजे पर्सोनालराटची, संमती घेतं, पगाराची पायरी ठरवतं आणि मग काँट्रॅक्ट निघतं. यात चार ते आठ आठवडे सहज जातात, त्यात मध्ये नाताळ. त्या कागदांवर मुंबईच्या जर्मन कॉन्सुलेटकडे राष्ट्रीय व्हिसाचा अर्ज (फी 75 युरो), आणि तिथे पुन्हा काही आठवडे. मार्चची तारीख मागताना कुठलंही निमित्त शोधावं लागत नाही. व्हिसाला वेळ लागतो, हे खरंच आहे.

मुदत वाढवून मागायचीच असेल तर दहाचे एकवीस दिवस मागा, फेब्रुवारीपर्यंत थांबा म्हणू नका. प्रोफेसरांच्या यादीत दुसऱ्या क्रमांकाचा उमेदवार असतो आणि तोही उत्तराची वाट बघत असतो. तीन आठवडे त्याला धरून ठेवता येतं, तीन महिने नाही. मेलमध्ये पहिल्या ओळीत आभार आणि काम आवडल्याचं स्पष्ट सांगा. मग तीन प्रश्न: पैसा विद्यापीठाच्या बजेटमधला की बाहेरच्या प्रकल्पाचा, आणि प्रकल्पाचा असेल तर तो कधी संपतो; आधीच्या अनुभवावर कुठली पायरी मिळेल; 1 मार्चला सुरुवात चालेल का. शेवटी ‘मी अमुक तारखेला नक्की कळवतो’ किंवा ‘कळवते’ अशी तारीख घालून ओळ. ‘विचार करून सांगतो’ हे इकडे नकारच समजला जातो.

पैशाचा पहिला प्रश्न सोडू नका. प्रकल्प डिसेंबर 2027 ला संपत असेल आणि तुम्ही एप्रिलमध्ये आलात, तर दोन वर्षांच्या ऑफरचे एकवीसच महिने उरतात. काँट्रॅक्टवर शेवटची तारीख कोणती येणार, हे लेखी विचारून घ्या.

मेरी क्युरीबद्दल प्रोफेसरांना सांगावं का? सांगावं. फेलोशिपसाठी अर्ज केलाय यात कमीपणा काही नाही, उलट इकडे ते वजनदार मानलं जातं. फेब्रुवारीत एकदम बॉम्ब टाकण्यापेक्षा आत्ता एक वाक्य बरं. देशातल्या मुलाखतीचा उल्लेख मात्र करू नका. बोलावणंच आलेलं नाही, त्याचा कुणाला काय उपयोग?

आता शक्यता किती ते बघा. 2024 च्या फेरीत दहा हजारांवर अर्जांतून सुमारे 1,700 जणांना ही फेलोशिप मिळाली, म्हणजे साधारण सहांत एक. 2025 च्या तुमच्या फेरीत अर्ज 17,000 च्या वर गेले, पैसा त्या प्रमाणात वाढलेला नाही. तुमचा अर्ज उत्तम असेलही, पण हातची नोकरी सोडून याच्यावर बसणं हा जुगार आहे. शिवाय फेब्रुवारीत निकाल लागला तरी करार व्हायला मे उजाडतो, आणि यजमान संस्थेशी बोलून सुरुवात त्याहून काही महिने पुढे नेता येते. म्हणजे जर्मनीत रुजू होऊन, निकाल तुमच्या बाजूने लागला तर रीतसर नोटीस देऊन जाणं, हा रस्ता खुला राहतो.

इथे दोन अटी नीट समजून घ्या, कारण लोक त्यांत गोंधळतात. मेरी क्युरीची देशबदलाची अट अशी की अर्जाच्या अंतिम तारखेआधीच्या 36 महिन्यांत तुम्ही यजमान देशात 12 महिन्यांहून जास्त राहिलेलं किंवा काम केलेलं नसावं. ही मोजणी अंतिम तारखेला थांबते. तुमचा अर्ज सप्टेंबरमध्येच गेला असल्याने आता कुठेही नोकरी धरली तरी त्या अर्जाला धक्का लागत नाही. पुढच्या फेरीचं गणित वेगळं. मार्च 2026 ला जर्मनीत आलात तर सप्टेंबर 2026 च्या फेरीत जर्मन संस्थेबरोबरही अर्ज करता येईल, कारण तेव्हा सहाच महिने झालेले असतील. सप्टेंबर 2027 ला जर्मनी बाद. मग यजमान दुसऱ्या देशातला शोधायचा.

दुसरी अट नेदरलँड्सच्या करसवलतीची आहे आणि कोलोनमुळे ती नेमकी तुम्हाला लागू होते. परदेशातून बोलावलेल्या कर्मचाऱ्याच्या पगाराचा 30 टक्क्यांपर्यंतचा भाग तिथे करमुक्त देता येतो (2027 पासून 27 टक्के), आणि विद्यापीठातल्या संशोधकांना त्यासाठी किमान पगाराची अट नाही. पण नोकरी सुरू होण्याआधीच्या 24 महिन्यांपैकी 16 हून अधिक महिने तुम्ही डच सीमेपासून 150 किलोमीटरच्या बाहेर राहिलेले असावे लागता. कोलोन, आखन, म्युन्स्टर, ब्रेमेन ही सगळी शहरं त्या पट्ट्याच्या आत येतात. अख्खं बेल्जियमही. बर्लिन, म्युनिक, ड्रेस्डेन बाहेर. म्हणजे पट्ट्यातला तुमचा मुक्काम आठ महिन्यांच्या आत राहिला पाहिजे. 1 मार्चला कोलोनला येऊन 1 ऑक्टोबरला उट्रेख्टला गेलात तर सात महिने होतात, सवलत शाबूत. 1 डिसेंबरला गेलात तर नऊ, आणि सवलत गेली. महिन्याला काहीशे युरोंचा फरक पडतो, म्हणून निकाल चांगला लागलाच तर तिकडची तारीख ठरवताना हे कॅलेंडर समोर ठेवा. सवलतीचा अर्ज नोकरी सुरू झाल्यापासून चार महिन्यांत गेला तरच ती पहिल्या दिवसापासून मिळते.

आता पगार. ई13 म्हटलं की सगळ्यांना सारखाच पगार, असा समज असतो. तसं नाही. आत पायऱ्या आहेत, इकडे त्यांना श्टूफे म्हणतात. पहिल्या पायरीला 2025 च्या तक्त्यानुसार महिना साधारण 4,630 युरो, आणि तिसरीला त्याहून पाचशेहून जास्त. एक वर्षाचा संबंधित अनुभव असेल तर दुसरी पायरी, तीन वर्षांचा असेल तर तिसरी. विद्यापीठांच्या वेतनकरारात इतर विद्यापीठं आणि संशोधन संस्थांमधला असा अनुभव धरण्याची तरतूद आहे. पण एचआरसमोर कागद नसेल तर ते निमूटपणे पहिल्या पायरीवर बसवतात, आणि एकदा ठरलेली पायरी नंतर हलवणं म्हणजे भिंतीवर डोकं आपटणं.

म्हणून रिसर्च असोसिएटच्या दोन वर्षांचं अनुभवपत्र आत्ताच घ्या. आपल्याकडच्या पत्रात ‘अमुक काळात काम केले, वर्तणूक चांगली’ एवढंच असतं. ते चालत नाही. सुरुवात आणि शेवटाची तारीख, पूर्णवेळ काम असल्याचा उल्लेख, आठवड्याचे तास, पगार दिला जात होता ही ओळ, आणि कामाचं तीन-चार वाक्यांत वर्णन, तेही नव्या कामाशी नातं दिसेल असं. लेटरहेड, सही, शिक्का. जेआरएफ-एसआरएफची, म्हणजे पीएचडी करतानाच्या शिष्यवृत्तीची, वर्षंही द्या, पण ती फेलोशिप असल्याने धरतील याची खात्री धरू नका, काही ठिकाणी नोकरी आणि शिष्यवृत्ती यात काटेकोर फरक करतात. प्रोजेक्टवरचा पगारी काळ हे तुमचं हुकमी पान.

हातात किती येईल? पहिल्या पायरीवर, अविवाहिताच्या करवर्गात, कर आणि आरोग्य, पेन्शन, बेकारी विमा वगैरे जाऊन 2,800 च्या आसपास. तुमचं लग्न झालेलं असलं तरी जोडीदार जर्मनीत राहायला येईपर्यंत करवर्ग पहिलाच राहतो. नंतर एकाच कमाईवर घर चालत असेल तर तिसरा वर्ग घेता येतो, त्यात तीन-चारशे युरो वाढतात. पहिला पगार महिन्याच्या शेवटी होतो आणि घराचं डिपॉझिट तीन महिन्यांच्या मूळ भाड्याइतकं असू शकतं, तेव्हा निदान तीन-चार हजार युरोंची तजवीज करून या. जाता जाता: वर्षअखेरीचा बोनस 1 डिसेंबरला नोकरीत असणाऱ्यालाच मिळतो. नोव्हेंबरअखेर सोडून जाणारे तो घालवून बसतात.

रुजू झाल्यावर दोन महिन्यांच्या आत एक फॉर्म भरायचा असतो. सरकारी नोकरांच्या जादा पेन्शन योजनेत, म्हणजे फाउबेएलमध्ये, तुमच्या पगारातून 1.81 टक्के जातात, आणि पेन्शनचा हक्क मिळायला 60 महिने लागतात. दोन वर्षांच्या काँट्रॅक्टवाल्या संशोधकाला अर्ज करून यातून सुटता येतं. तेव्हा मालकाचा वाटा वैयक्तिक खात्यासारख्या दुसऱ्या योजनेत जातो. दोन महिने उलटले की हा पर्याय संपतो, आणि नव्या घराच्या धांदलीत तो हमखास राहून जातो.

बांधून घेणं नेमकं कधी होतं? मुदतीच्या काँट्रॅक्टवर इकडे काम सुरू होण्याआधी कागदावर सही लागते, नाहीतर मुदतीची अटच लटकी पडते. त्यामुळे सहीशिवाय विद्यापीठ तुम्हाला प्रयोगशाळेत पाऊल टाकू देणार नाही. रुजू होण्याआधी माघार घेतली तर बहुतेक वेळा सामोपचाराने करार रद्द होतो. रुजू झाल्यावर प्रोबेशनमध्ये दोन आठवड्यांची नोटीस, महिनाअखेरीस लागू, आणि नंतर साधारण महिना-दीड महिना. कायद्याने हे सोपं आहे. पण मटेरियल केमिस्ट्रीतले लोक एकमेकांचे पेपर तपासतात, तेव्हा दोन ठिकाणी एकाच वेळी हो म्हणून ठेवण्याचा खेळ करू नका. मेरी क्युरीबद्दल आधी सांगितलेलं असेल तर नंतर जाणं समजून घेतलं जातं. लपवलेलं असेल तर नाही. आणि पुण्यातल्या प्रोजेक्टचा राजीनामा काँट्रॅक्ट हातात पडल्याशिवाय देऊ नका, प्रोफेसर कितीही गोड बोलोत.

व्हिसा घेताना ब्लू कार्ड (उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांचा वास्तव्य परवाना) की संशोधकाचा परवाना, हा प्रश्न येईल. ब्लू कार्डची 2026 ची मर्यादा वर्षाला 50,700 युरो आहे, पूर्णवेळ ई13 त्याच्या वर जातो. दोन्हींत जोडीदाराला जर्मन भाषेच्या परीक्षेची अट नाही आणि आल्याबरोबर नोकरी करता येते. लांब राहायचा विचार असेल तर ब्लू कार्ड घ्या. ए1 म्हणजे प्राथमिक पातळीच्या जर्मनवर 27 महिन्यांत, बी1 म्हणजे मध्यम पातळीवर 21 महिन्यांत कायम वास्तव्याचा अर्ज करता येतो. तुमचं काँट्रॅक्ट चोवीस महिन्यांचं आहे, तेव्हा बी1 केलं तर नोकरी चालू असतानाच हे जमू शकतं. लग्नाच्या दाखल्यावर अपोस्टील (कागद परदेशात चालावा म्हणून लागणारा सरकारी शिक्का) करून देतो म्हणणारे एजंट पुण्यात ढिगाने आहेत. जर्मनीने भारताच्या अपोस्टीलला हरकत घेतलेली आहे, त्यामुळे आधी कॉन्सुलेटची यादी वाचा, मग खिशात हात घाला.

राहिली देशातली मुलाखत. तिच्यासाठी ऑफर सोडू नका. आयआयटीत असिस्टंट प्रोफेसर ग्रेड वनला पीएचडीनंतर तीन वर्षांचा अनुभव मागतात (पगार लेव्हल 12, सुरुवात महिना 1,01,500 रुपये). जर्मनीतली दोन वर्षं तो हिशोब पूर्ण करतात, मोडत नाहीत. रामानुजन फेलोशिप तर परदेशात काम करणाऱ्या भारतीयांसाठीच आहे, वयाची मर्यादा 40. तुमचं वय 32 च्या आत असेल तर इन्स्पायर फॅकल्टी या सरकारी फेलोशिपचा अर्ज मात्र जायच्या आधी भरा, ती मर्यादा थांबत नाही. मुलाखतीची पहिली फेरी बरेचदा ऑनलाइन होते, ती कोलोनमधूनही देता येईल. राज्यातल्या विद्यापीठांची भरती कधी सुटेल, यावर काहीच बेतू नका.

या आठवड्यात प्रोफेसरांना मेल, गाइडकडून अनुभवपत्र, आणि विद्यापीठाकडून पीएचडीची पदवी. दीक्षान्त समारंभ व्हायचा असेल तर व्हायव्हानंतरचं नोटिफिकेशन आणि प्रोव्हिजनल सर्टिफिकेट, दोन्ही घ्या. एका कागदावर एचआर अडून बसतं.