आधी उत्तर दे

पोरी,

परवा रात्री तुझा मेसेज आला आणि सोबत कायझेन बोर्डाचा, म्हणजे कामगारांनी सुचवलेल्या छोट्या सुधारणांच्या फॉर्मच्या फळ्याचा फोटो. मी तो मोठा करून करून पाहिला. ४३ फॉर्म. त्यातले तीसेक एकाच निळ्या पेनाने, एकाच अक्षरात, तारीख २८. 'बिनला लेबल लावले.' 'ट्रॉलीला रंग दिला.' 'झाडू टांगायला हुक बसवला.' तू विचारलंस, खऱ्या सूचना याव्यात म्हणून बक्षीस वाढवू का, की फॉर्मऐवजी ॲप आणू? आणि शेवटी लिहिलंस, "सर, आमची माणसंच अशी आहेत." ते वाचून मला झोप लागली नाही, कारण हेच वाक्य एकेकाळी मीही बोललोय.

बक्षीस नको, ॲप नको. जो सांगतो त्याला उत्तर दे. दुसऱ्या दिवशीची शिफ्ट संपायच्या आत, त्याच्या मशीनपाशी जाऊन, तोंडाने. होणार असेल तर कधी, होणार नसेल तर का नाही. बाकी सगळं नंतर.

१९९३ साली मी भोसरीत एका कारखान्यात मशीन शॉपचा शिफ्ट इंजिनिअर होतो. कास्ट आयर्नचं एक हाउसिंग, म्हणजे यंत्राचं बाहेरचं कवच, आम्ही करायचो. जॉब, म्हणजे तो भाग, पकडून ठेवणाऱ्या फिक्श्चरवर तीन रेस्ट पॅड, त्यावर जॉब ठेवायचा, क्लँप आवळायचा, सायकल चालू. एक ऑपरेटर मला म्हणाला, "साहेब, मागच्या पॅडवर बुरादा साचतो. तिथे हात पोचत नाही, ब्रशनेही निघत नाही. हवेची नळी दिली तर उडून जाईल." मी म्हणालो, "बघू."

त्या 'बघू'चं पुढे काय झालं ते सांगतो. आठ महिन्यांनी ग्राहकाची तक्रार आली, बोअर, म्हणजे आतलं गोल भोक, काटकोनात नाही. पॅडवर बुरादा असला की जॉब केसभर तिरका बसतो, आणि ते डोळ्याला दिसत नाही. आम्ही तीन रात्री ग्राहकाच्या गोदामात बसून १,२०० हाउसिंग एकेक करून तपासली. चौथ्या दिवशी कारण शोधायला शिफ्टचं रजिस्टर काढलं. शेवटचा रकाना 'अडचणी'. त्यात त्याचं अक्षर: 'फिक्श्चर ३, मागच्या पॅडवर बुरादा. हवा पाहिजे.' पंधरवड्यात तीनदा लिहिलेलं. चौथ्यांदा नाही. त्यानंतर रोज एकच शब्द, निरंक. पानंच्या पानं निरंक. आणि प्रत्येक पानाखाली माझी सही.

नळी बसवायला दीडशे रुपये आणि अर्धा तास लागला. पुढच्या वर्षी तेच काम क्वालिटी सर्कलच्या, म्हणजे दर्जा सुधारणाऱ्या कामगार-गटांच्या स्पर्धेत गेलं, प्रमाणपत्र माझ्या नावाने आलं, आणि मी ते घेतलं. तो समोर बसून टाळ्या वाजवत होता. नंतर नोकरी सोडून गावी गेला. मी त्याची माफी मागितली नाही. आता मागायची म्हटली तर पत्ताही नाही माझ्याकडे.

तुमच्या प्रत्येक ट्रेनिंगमध्ये टोयोटाचं नाव येतं. १९५० मध्ये टोयोटाचे एइजी टोयोदा अमेरिकेतला फोर्डचा रूज कारखाना पाहून आले आणि १९५१ मध्ये टोयोटात सूचना-योजना सुरू झाली, एवढं स्लाइडवर असतं. पण तू सूचनेच्या पेटीपेक्षा दोरीकडे बघ. टोयोटाच्या संस्थापकाचे वडील साकिची टोयोदा यांचा माग धागा तुटला की आपोआप थांबायचा. तोच विचार पुढे मोटारीच्या लाइनवर दोरीच्या रूपाने आला. कामगाराला काही चुकीचं दिसलं की तो दोरी ओढतो, दिवा लागतो आणि टीम लीडर त्याच्यापाशी येतो. लाइन त्याच क्षणी थांबतही नाही. गाडी ठरलेल्या खुणेपर्यंत जाईतो दोघांना वेळ असतो. तेवढ्यात निभावलं तर ठीक, नाहीतर लाइन थांबते. आपले लोक जपानला जाऊन त्या दोरीचा फोटो काढून आणतात. ओढल्यावर कोण येतं आणि किती वेळात येतं, हे कुणी टिपून आणत नाही. अगं, कुणी येणारच नसेल तर ती दोरी कपडे वाळत घालायला बरी.

आणि 'माणसंच अशी' म्हणतेस ना? कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला जनरल मोटर्सचा एक कारखाना होता, गैरहजेरीसाठी आणि भांडणांसाठी बदनाम. १९८२ मध्ये बंद पडला. १९८४ मध्ये टोयोटाच्या भागीदारीत तोच पुन्हा सुरू झाला. बहुतेक माणसं जुनीच घेतली, युनियनही तीच. आणि तीच माणसं दर्जेदार गाड्या काढायला लागली. माणसं बदलली नव्हती. त्यांनी दोरी ओढली की कुणीतरी येत होतं.

तुमच्याकडे माणशी महिन्याला दोन कायझेन ठरलीत, नाही दिली तर इन्सेंटिव्ह कापतात. म्हणून २८ तारखेला एक पोरगा सगळ्यांचे फॉर्म भरतो. त्याच्यावर चिडू नकोस. तुम्ही आकडा मागितलात, त्याने आकडा दिला.

वेळ कुठून आणू, हे मला विचारू नकोस. कायझेनचं एक्सेल भरण्यात रोज तासभर जातो हे तूच लिहिलंयस. तो तास घे आणि फ्लोअरवर जा. 'नाही' म्हणायलाही घाबरू नकोस. आमच्या एका हेल्परने चेन पुली ब्लॉक, म्हणजे वजन उचलायची साखळीची कप्पी, मागितला होता. वरचा गर्डर ते वजन पेलणार नव्हता. मी त्याला ड्रॉइंग दाखवलं, समजावलं आणि नाही म्हटलं. आठ दिवसांनी तोच रोलरच्या ट्रॉलीचं चित्र काढून घेऊन आला, आणि ती ट्रॉली आम्ही केली. कारणासकट मिळालेलं 'नाही' माणसाला पुन्हा आणतं. 'बघू' त्याला कायमचं गप्प करतं. म्हणून पुन्हा सांगतो, उत्तर दे.

त्या रजिस्टरनंतर मी लाइनच्या तोंडाशी काळा फळा लावला. कुणी काय सांगितलं, उत्तर कोण देणार, कधी देणार. उत्तर दिल्याशिवाय ओळ पुसायची नाही. एकदा ग्राहकाचे लोक येणार होते. वरिष्ठ म्हणाले, घरातलं रडगाणं पाहुण्यांसमोर कशाला, फळा काढ. मी काढला नाही. त्यानंतरची दोन वर्षं मला स्टोअरमध्ये बसवलं. माझ्या बरोबरीचे प्लँट हेड झाले, मी झालो नाही. घरी अजून विचारतात, एक दिवस फळा पुसला असता तर काय बिघडलं असतं? बिघडलं असतं! त्या दिवशी फळ्यावर अकरा ओळी होत्या, अकरा माणसांनी विश्वासाने सांगितलेल्या. पाहुणे जेवून जाणार होते, ती अकरा माणसं दुसऱ्या दिवशी पुन्हा कामावर येणार होती. मला हट्टी म्हणणाऱ्यांनी खुशाल म्हणावं. मी तेव्हा चुकलो नव्हतो. चुकलो होतो त्याच्या आधी, त्या पहिल्या 'बघू'ला.

आता तुझ्या फोटोकडे ये. खालून दुसरी ओळ, डावीकडचा कोपरा. काळं पेन, दाबून लिहिलेलं अक्षर, तारीख ४. 'कूलंट टाकीचे झाकण उघडे राहते, गुडघ्याला लागते.' खाली शेरा कोरा आहे. ४ तारखेपासून तो कुणाची तरी वाट बघतोय, आणि रोज गुडघा वाचवत काम करतोय. बाकीचे बेचाळीस राहू देत. उद्या त्याच्या मशीनपाशी जा, झाकण स्वतः उघडून बघ, आणि त्याला काय उत्तर दिलंस ते मला रात्री कळव. पहिली शिफ्ट सातला ना तुमची? पावणेसातला पोच.