पाच नायकांची भयकादंबरी: बारा टप्पे पाचांत वाटायचे, पाचपट करायचे नाहीत

तुमचा प्रश्न वाचला आणि माझी जुनी वही समोर उघडल्यासारखं झालं. पाच मित्र, साताऱ्याकडचा बंद वाडा, प्रत्येकाच्या नावापुढे नायकाच्या प्रवासाचे बारा टप्पे (हाक, नकार, उंबरठा, अग्निपरीक्षा, परतणं असा गोष्टीचा ठरलेला साचा), एकशे साठ पानं लिहून झाली तरी वाड्याचं दार उघडलेलं नाही, आणि आता तुम्ही विचारताय, 'या पाचांत खरा नायक कोणाला करू?' मी हेच सगळं केलं होतं. माझ्याकडे वाड्याच्या जागी हळदीचं पेव, म्हणजे हळद साठवायचा जमिनीतला खोल खड्डा होता, एवढाच फरक.

आधी सांगते, मी समीक्षक नाही की शिकवणारी नाही. सांगलीत राहते, एक भयकादंबरी छापून झाली आहे, दुसरीचा दुसरा खर्डा चालू आहे. जे लिहितेय ते या दोन कादंबऱ्यांवरून, त्यामुळे सगळ्यांना लागू पडेलच असं नाही. बारा टप्पे कोणते हे पुन्हा सांगत बसत नाही, तुमच्या तक्त्यात ते बरोबर आहेत. एवढंच ध्यानात असू द्या की पुराणकथांचा अभ्यासक जोसेफ कॅम्पबेल याने १९४९ साली मांडले ते टप्पे सतरा होते, आणि बऱ्याच कथा त्यातला एखाददुसराच टप्पा उचलून मोठा करतात असं त्याने स्वतःच लिहिलंय. बाराचा हिशेब पुढे ख्रिस्तोफर व्होगलरने केला. डिस्नेमध्ये असताना १९८५ साली त्याने सिनेमाच्या गोष्टींसाठी एक सात पानी टिपण काढलं, तिथून तो सुरू झाला. प्रत्येक पात्राला बाराच्या बारा टप्पे मिळालेच पाहिजेत, असा नियम कुठेही नाही. मला तो एका कार्यशाळेत सांगितला गेला, मी पैसे भरून तो ऐकला आणि दोन वर्षं त्याच्यामागे घालवली.

माझी चूक नेमकी काय झाली ते सविस्तर सांगते, कारण तुम्ही त्याच वाटेवर आहात. स्वयंपाकघराच्या भिंतीवर मी तक्ता लावला होता. पाच माणसं, बारा टप्पे, साठ चौकटी. आडत दुकानाचा मालक, त्याची भाची, पेवात उतरणारा हमाल, शाळेतल्या एक बाई आणि एक रिक्षावाला. प्रत्येकाचं रोजचं जग दाखवायचं, प्रत्येकाला हाक यायची, प्रत्येकाने आधी नकार द्यायचा, मग प्रत्येकाला कुणीतरी समजावणारं भेटायचं. एकेक चौकट भरली की मी तिच्यावर हिरवी फुली मारायची आणि त्या दिवशी फार काम झालं असं वाटायचं.

एकशे वीस पानं झाल्यावर धाकट्या बहिणीला वाचायला दिली. ती भयकथा लहानपणापासून वाचत आलेली, नारायण धारपांच्या भयकथांतला समर्थ आम्ही दोघींनी एकाच पांघरुणात वाचलेला. तिने पानं परत देताना विचारलं, "ताई, यातलं कुणी मरणार नाही ना?" मी म्हटलं, तुला कसं कळलं? म्हणाली, "सगळ्यांचं अजून बरंच काही व्हायचं बाकी आहे."

तक्त्यात काय चुकलंय ते तेव्हा कळलं. पाचही जणांना पूर्ण प्रवास दिला की पाचही जणांना परत आणावं लागतं. आणि सगळे परत येणार हे वाचकाला आतून कळलं की भीती संपली, मग पेवात कितीही भयंकर काहीतरी असू द्या. एका नायकाच्या कादंबरीत वाचक त्या एकट्याला शेवटपर्यंत जगवतोच. पाच नायक घ्यायचे ते याच्यासाठी की यातला कोण पुढच्या पानावर नसेल हे कळू नये. तो फायदा मी आपल्या हाताने तक्त्यात बंद करून ठेवला होता.

यातून वाट सापडली ती लेखनाच्या कुठल्या पुस्तकात सापडली नाही. यक्षप्रश्नाची गोष्ट आपण सगळ्यांनीच ऐकलेली असते, पण ती भयकथा म्हणून एकदा वाचून पाहा. वनवासात तहान लागलेली, नकुल पाणी आणायला जातो. तळ्याकाठी आवाज येतो, आधी माझ्या प्रश्नांची उत्तरं दे, मग पाणी पी. तो ऐकत नाही, पितो, पडतो. सहदेव जातो, तो परत येत नाही. अर्जुन जातो. भीम जातो. हाक एकच, उंबरठा एकच, परीक्षाही एकच, आणि चौघांचा प्रवास त्याच जागी तुटतो. युधिष्ठिर पोचतो तेव्हा चार भाऊ काठावर पडलेले, जखम कुठेही नाही. तो थांबतो आणि उत्तरं देतो. शेवटी यक्ष म्हणतो, एकाला जिवंत करतो, कोण ते सांग. युधिष्ठिर भीम मागत नाही, अर्जुन मागत नाही, नकुल मागतो. कुंतीचा एक मुलगा मी आहेच, माद्रीचाही एक असू दे. पाच नायकांच्या गोष्टीतली अग्निपरीक्षा ही अशी. कोणाला परत आणायचं हे उरलेल्याने ठरवायचं.

म्हणून तुमच्या प्रश्नाला माझं सरळ उत्तर: खरा नायक आत्ता ठरवू नका. प्रवास एकच ठेवा, तो पाचांच्या टोळीचा. बारा टप्पे त्यांच्यात वाटून द्या. हाक एकाला ऐकू येऊ दे. नकार दुसऱ्याचा असू दे, आणि तो नकार त्याला भोवू दे. स्टीफन किंगच्या 'इट' या भयकादंबरीत (१९८६) लहानपणी एका राक्षसी शक्तीशी लढलेले सात जण आहेत. सत्तावीस वर्षांनी त्यांच्यातल्या माइकचा फोन बाकी सहा जणांना जातो, परत या म्हणून. सहांपैकी पाच जण येतात, सहावा स्टॅन न्हाणीघरात जीव देतो. एकाचा नकार एवढा पूर्ण असल्यावर बाकीच्यांना वेगळा नकार द्यायची गरज राहत नाही, वाचकाच्या मनात तो प्रत्येकाच्या वाट्याचा होऊन बसतो. माझ्या पाच नकारांनी पन्नास पानं खाल्ली होती, आणि त्यातला एकही लक्षात राहत नव्हता.

ज्ञानाचंही तसंच. ब्रॅम स्टोकरची 'ड्रॅक्युला' (१८९७) पुन्हा वाचा. तिथे पूर्ण गोष्ट कोणा एकाला माहीत नसते. हार्करची डायरी, सेवर्डच्या नोंदी, पत्रं, कात्रणं, हे सगळं मीना एकत्र टाईप करते तेव्हा टोळीला कळतं की आपण एकाच गोष्टीत आहोत. आणि पुरुषमंडळी तिच्याच काळजीपोटी तिला बेतातून बाहेर ठेवतात, तेव्हाच तिच्यावर हल्ला होतो. तुमच्या पाचांमध्ये माहिती कोण कोणापासून लपवतोय याची यादी करा. माझ्या मते ती यादी बारा टप्प्यांच्या तक्त्याहून जास्त कामाची आहे.

उंबरठा मात्र सगळ्यांनी एकदम ओलांडायला हवा. यावर मी ठाम आहे, इथे वाटणी चालत नाही. पहिल्या खर्ड्यात माझे पाच जण पाच वेगवेगळ्या प्रकरणांत, पाच वेगवेगळ्या कारणांनी पेवाच्या तोंडाशी येत होते. सांगलीजवळच्या हरिपूरची पेवं ज्यांनी पाहिली नसतील त्यांच्यासाठी सांगते: जमिनीत खोल खणलेली, तोंड माणूस जेमतेम उतरेल एवढं, पोट मोठं, आत हळद वर्षानुवर्षं टिकायची. माझे वडील मार्केट यार्डात एका आडत दुकानात दिवाणजी होते. त्यांच्याबरोबर लहानपणी मी पेव उघडताना पाहिलंय. झाकण काढल्यावर लगेच कोणी उतरत नाही. कोंडलेली हवा जीव घेते. तोंड उघडं ठेवून थांबायचं, मग कंदील खाली सोडायचा, ज्योत विझली तर त्या दिवशी उतरायचं नाही. सगळे काठाला उभे राहून त्या ज्योतीकडे बघत असायचे आणि कोणी बोलत नसायचं. हा प्रसंग मी पाच वेळा लिहिला होता. दुसऱ्या वेळेलाच त्यातला जीव गेला.

नंतर मी गोष्ट ऑगस्ट २०१९ च्या पुरात नेली. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी पंचेचाळीस फूट, त्या वेळी पाणी सत्तावन्न फुटांच्या वर गेलं होतं. रस्ते बंद, वीज नाही, फोन मेलेले. पाचही जण एका घराच्या माळ्यावर अडकले, आणि पेवात जे होतं ते पाण्याबरोबर वर आलं. कोणाला पेवात उतरवावंच लागलं नाही. 'हे लोक घरी का जात नाहीत, पोलिसांना फोन का करत नाहीत' हा प्रश्नही सुटला. त्या पुरात माणसं गेली आहेत, त्यांची घरं मी डोळ्यांनी पाहिली आहेत, म्हणून गावाचं नाव बदललं आणि घडलेली एकही दुर्घटना कथेत घेतली नाही. खऱ्या आपत्तीचा आधार घेणार असाल तर हे तुम्हीही पाळा, अशी विनंती आहे.

आता एक राग आहे तो बोलून टाकते. या पेवाच्या कादंबरीचा दुसरा खर्डा मी एका प्रकाशन संस्थेकडे दिला होता. अकरा महिने काही कळवलं नाही. फोन केला की 'वाचन चालू आहे'. मग दोन ओळींचं पत्र आलं: पात्रं फार आहेत, तीन करावीत. मी मूर्खासारखं ऐकलं, बाई आणि रिक्षावाला काढून टाकले. सात महिने गेले. तीनच माणसं उरल्यावर गमवायला कोणी शिल्लक राहिलं नाही, पहिला मेला की दुसरा आणि तिसरा जगणार हे उघड दिसायला लागलं. ते हस्तलिखित घेऊन गेले तर कार्यालयातून उत्तर मिळालं, भयकथा आम्ही छापत नाही. हे अठरा महिन्यांपूर्वी सांगता आलं असतं. तेव्हा पात्रं कमी करा असं कोणी म्हटलं तर आधी विचारा, तुम्ही भयकादंबरी छापता का? कापाकापी नंतर.

परतण्याच्या टप्प्याबद्दल थोडं. नायक संजीवनी घेऊन परततो, हे भयकादंबरीत जसंच्या तसं घेऊ नका. 'ड्रॅक्युला'च्या शेवटी सात वर्षांनंतरची टीप आहे. हार्कर दांपत्याला मुलगा झालाय, त्याला साऱ्या टोळीची नावं दिली आहेत, हाक मात्र मेलेल्या क्विन्सीच्या नावाने मारतात. आणि त्याच टिपेत हार्कर म्हणतो की आमच्याकडे अस्सल कागद जवळजवळ एकही नाही, नुसते टाईप केलेले गठ्ठे. 'इट'मध्ये वाचलेले लोक पुन्हा एकमेकांना विसरायला लागतात. जिंकले, पण सांगायला पुरावा नाही, नाहीतर आठवण नाही. माझ्या कादंबरीत भाची वाचते आणि आयुष्यभर हळदीचा वास सहन करू शकत नाही. सांगलीत राहून. ते पान मी एका बैठकीत लिहिलं, कारण तोवर बाकी चौघं का नाहीत हे मला नक्की माहीत होतं.

तुमच्या पाचांसाठी एक सुचवते, पटलं तर घ्या. ते नुसते मित्र आहेत, म्हणून त्यांना वाड्यात एकदम आणायला तुम्हाला पाच कारणं शोधावी लागतात. त्यांना चुलत भावंडं करा. वाटणी करायची आहे, सगळ्यांच्या सह्या हव्यात, एकच दिवस ठरलाय. तिसाव्या पानाच्या आत सगळे दाराच्या आत असतील. आणि भाऊबंदकीत कोण कोणापासून काय लपवतंय हे शोधायला मराठी लेखकाला फार लांब जावं लागत नाही.

तुम्ही टाकलेल्या तिसऱ्या प्रकरणात वाड्याचा सातबारा निघतो, तो बदला. गावठाणातल्या घराला सातबारा नसतो. ग्रामपंचायतीचा नमुना आठचा उतारा असतो, सिटी सर्व्हे झाला असेल तर मिळकत पत्रिका. भयकथेचा वाचक भूत मान्य करतो, चुकीचा उतारा करत नाही.

आणि पुढचं प्रकरण लिहायच्या आधी, पाचांपैकी वाड्यातून बाहेर न येणारा पहिला कोण, ते मला कळवा. त्याच्या नावापुढच्या चौकटी कुठे थांबतात ते आपण बघू.