प्रकाशाचा तरंग एवढा मोठा, मग केंद्रक मोजतात कसं?

प्रश्न : सर, आमच्या गुजरीत हॉलमार्कचा नंबर आता लेसरने उमटवलेला असतो. मुलगा बी.एस्सी.ला आहे. तो म्हणतो, लेसरने अणूच्या केंद्रकाचाही आकार मोजतात. आणि प्रकाशाचा तरंग केंद्रकाच्या कोट्यवधी पट मोठा असतो, असंही तोच सांगतो. मग हे जमतं कसं, की नुसत्या बाता?
— एक सराफ, कोल्हापूर

उत्तर : बाता नाहीत. चिरंजीवांची दोन्ही विधानं बरोबर आहेत. तुमच्या सोन्याचंच केंद्रक घ्या : आरपार सुमारे १४ फेम्टोमीटर (एक फेम्टोमीटर म्हणजे मिलिमीटरचा एक लाख कोटीवा भाग). दृश्य प्रकाशाची तरंगलांबी त्याच्या तीन-चार कोटी पट. त्यामुळे लेसरला केंद्रक दिसत नाही, दिसणारही नाही. लेसर चौकशी करतो ती इलेक्ट्रॉनकडे.

काही इलेक्ट्रॉन केंद्रकाच्या बाहेरच राहतात असं नाही, ते अधूनमधून थेट आतही सापडतात. आत गेल्यावर केंद्रकाची ओढ कमी पडते, कारण केंद्रकाचा काही विद्युतभार त्यांच्या बाहेरच्या बाजूला राहतो. केंद्रक जितकं ऐसपैस, तितकी ही ओढ ढिली, आणि इलेक्ट्रॉनची ऊर्जापातळी किंचित वर. लेसरचा रंग बारीक बारीक बदलत नेला की एका नेमक्या वारंवारतेला अणू प्रकाश शोषतो. ती टिपायची आणि त्याच मूलद्रव्याच्या दुसऱ्या समस्थानिकाशी (प्रोटॉन तेवढेच, न्यूट्रॉन कमी-जास्त असलेल्या अणूशी) ताडून पाहायची.

कसावर तुम्ही हेच करता. दागिन्याची रेघ ओढता आणि शेजारी माहीत असलेल्या टंचाची रेघ ओढून फरक बघता. इथेही सहसा फरकच हाती लागतो. मूळ माप बहुधा इलेक्ट्रॉनांचा मारा करून किंवा म्यूऑनच्या (इलेक्ट्रॉनच्या जड भावंडाच्या) क्ष-किरणांवरून आधी ठरवलेलं असतं. वजनातल्या फरकानेही वारंवारता सरकते, तो वाटा वजा करावा लागतो. हलक्या अणूंत तो डोईजड होतो, जड अणूंत नगण्य.

सोन्याच्या शेजारचा पारा बघा. तो शोषतो त्या २५४ नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशाची वारंवारता पारा-२०० आणि पारा-२०२ यांच्यात (आकडा म्हणजे केंद्रकातले प्रोटॉन आणि न्यूट्रॉन मिळून) सुमारे ५०० कोटी हर्ट्झने सरकते. आकडा मोठा वाटतो, पण मूळ वारंवारतेच्या तो लाखात अर्धा भाग. खरी गंमत हलक्या, अल्पजीवी पाऱ्यात आहे. जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन संस्थेत १९७० च्या दशकात दिसलं की पारा-१८५, १८३ आणि १८१ ही विषम केंद्रकं आपल्या सम शेजाऱ्यांपेक्षा बरीच मोठी भरतात. एकच न्यूट्रॉन कमी-जास्त झाला की केंद्रक गोलसर, नाहीतर लांबट! २०१८ मध्ये तिथेच पारा-१७७ पर्यंत मोजणी गेली आणि ही उडी १८० च्या खाली थांबते, हे कळलं.

माझ्या मते या विद्येची सगळ्यात मोठी करामत मात्र प्रोटॉनवरची. स्वित्झर्लंडच्या पॉल शेरर संस्थेत हायड्रोजनमधल्या इलेक्ट्रॉनच्या जागी म्यूऑन बसवला. तो इलेक्ट्रॉनच्या सुमारे २०७ पट जड, म्हणून प्रोटॉनच्या तितकाच जवळ घुटमळतो आणि आकाराचा परिणाम लाखो पटींनी वाढतो. आयुष्य जेमतेम २.२ मायक्रोसेकंद, तेवढ्यात लेसर पोचला पाहिजे. २०१० मध्ये प्रोटॉनची त्रिज्या ०.८४ फेम्टोमीटर निघाली, तेव्हाच्या मान्य ०.८८ पेक्षा चार टक्के लहान. त्यावरून बरीच वर्षं वाद चालला. शेवटी भौतिकशास्त्रातल्या स्थिरांकांच्या २०१८ च्या अधिकृत यादीत लहान आकडाच आला. चिरंजीवांच्या पुस्तकात अजून ०.८८ असेल, तर पेन्सिलीने दुरुस्त करून घ्यायला सांगा.